आईने भरून ठेवलेलं पाणी

ओल्या कार्पेटचा वास आला की मला अ‍ॅरिझोनाचं ते वाळवंट आठवतं. सरकारी मोकळी जमीन, गाडी लावा आणि राहा. नळ नाही, वीज नाही, चहूकडे काटेरी झुडपं आणि डोळ्यांत जाणारी लाल धूळ. भाड्याने घेतलेल्या आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छोट्या टाकीतलं पाणी तीन दिवस पुरवायचं होतं, म्हणून मी सारखा बटण दाबून टाकी किती भरली आहे ते बघायचो. "बाबा, रिलॅक्स!" मुलगी वैतागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं फिरून आलो, मी बटण दाबलं, तर टाकी रिकामी! गाडीत एकटी आईच होती, नागपूरहून आलेली. "आंघोळ केलीस ना? इथे पाणी कुठून आणू मी?" मी ओरडलो. "अरे, ऐक तरी," ती म्हणाली. "आता काही बोलू नकोस!" म्हणत मी खुर्च्या आत कोंबल्या, ट्रिप कॅन्सल केली आणि गाडी काढली. पहिल्याच वळणावर मागे झाकणं खणखणली, बाथरूमचं दार धाडकन उघडलं आणि गार पाणी कार्पेटवरून वाहत येऊन माझ्या चपलांत शिरलं. गाडी थांबवून बघितलं, तर कुकर, पातेली, बादली, डाळीचा डबासुद्धा, सगळं कलंडलेलं. "पाणी कधी जाईल नेम नाही, म्हणून भरून ठेवलं होतं रे," आई हळूच म्हणाली. आता फोनवर ती "अरे, ऐक तरी" म्हणाली, की माझ्या येरझाऱ्या थांबतात आणि पाय ओले झाल्यासारखे वाटतात.