कोतरापलीकडची शाळा

एरंडाचं पान हातात चुरगळलं की मला मही नदीकाठची ती वस्ती आठवते. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं होतं आणि विद्याखात्यात नवा लागलेला मी, बडोद्याच्या कचेरीत बसून, कुठल्या वस्तीनं कुठल्या शाळेत जायचं ते नकाशावर आखत होतो. त्या वस्तीला मी कोतराच्या, म्हणजे नदीकाठच्या खोल घळीच्या, पलीकडची शाळा दिली. नकाशावर ती पाऊण कोसावर होती. पावसाळा लागला, मुलं येईनाशी झाली आणि चौकशीला मलाच धाडलं. वस्तीतली एक बाई आपल्या मुलीचा हात धरून म्हणाली, "साहेब, एक वार चालो अमारी साथे." उतार इतका निसरडा की एरंडाच्या झाडांना धरत उतरावं लागलं. तळाशी पाणी माझ्या कमरेला लागलं, मुलीच्या गळ्याशी. पाटी डोक्यावर धरून ती मुकाट्यानं पुढं निघाली होती. मी तिला उचललं आणि मागं फिरलो. वस्तीच्या पूर्वेला आणखी एक शाळा होती. ती दीड कोसावर होती, पण वाट सपाट होती. तीही मी चालून पाहिली. कचेरीत येऊन वरिष्ठांना म्हटलं, "रेघ माझी चुकली. ही वस्ती पूर्वेच्या शाळेला जोडायला हवी." ते म्हणाले, "एक हद्द बदललीत की दहा गावं अर्ज करतील." मी म्हटलं, "करू देत. दहाही वाटा चालून येतो." चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी सही केली. आता निवृत्त झालोय. नोकरीत काय केलंत, असं कुणी विचारलं तर सांगतो, त्या मुलीचं नाव चौथीच्या हजेरीपटावर मी स्वतः वाचलंय.