सुखदेवच्या केबिनमधले निळे बल्ब

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायको गेली, तिलेही नाही. तुम्हाले काहून सांगून राहिलो — मलेही नाही समजत. बसलेच आहात तर ऐका. मधात बोलू नका फक्त, नाही तर मी दुसरंच काहीतरी बोलत बसीन. इतकी वर्षं तेच तर केलं मी.

आमचं घराणं विणकराचं, हातमागावरचं. बापाच्या हातून माग सुटला अन् मी कामठी रोडवर ट्रकच्या लाईटचं काम धरलं. ऐंशीच्या आसपासचा काळ. तेव्हा ड्रायव्हर लोकाईले केबिन सजवाचा भारी शौक. देवाच्या फोटोभोवती बारक्या रंगीत बल्बांची माळ लावाची — अन् ती ब्रेकच्या लाईनीवर जोडाची. ब्रेक दाबला की मागचे लाल लाईट अन् आतली माळ, दोन्ही संगंच पेटणार. मंग ड्रायव्हरले उतरून मागे पाहाची गरजच काय? आत पेटलं म्हणजे मागेही पेटलं — याच भरोशावर सारे गाड्या हाकत होते. मले हे ठाऊक नव्हतं का? मीच तर माळा लावून देत होतो.

सुखदेव सावनेरकडून कोळसा आणे. उंचपुरा, हासला की पुरा हासणारा माणूस. त्याच्या बापानं नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा तो लहान होता. केबिनमध्ये बुद्धाचा फोटो. "मिस्त्री, निळे बल्ब लाव गा," म्हणाला. "बाकीच्याईचं लाल-हिरवं चालू दे. माह्या केबिनमध्ये निळा उजेड पाहिजे."

मी माळ जोडली. त्यानं ब्रेक दाबला — फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. मागच्या लाईटची वायर ट्रकखाली कुठंतरी सडली होती अन् लोखंडाले लागून राहिली होती. नवी वायर ओढाले पाहिजे होती. पण गाडी कोळशानं भरलेली, खाली चिखल, अन् माह्यासमोर दुसरे गिऱ्हाईक उभे. "गाडी खाली करून आण, मंग करतो" — एवढं म्हणालो असतो तर?

नाही म्हणालो. मागे जाणारी वायर मी पक्कडीनं कापली. टोकाले टेप गुंडाळला. वापस येईल तेव्हा नवी टाकू, असं मनात म्हटलं. अन् त्याले ब्रेक दाबाले सांगतलं.

काय पेटली ती माळ, बापा! सुखदेव लेकरासारखा हासला. पुन्हा दाबे, पुन्हा हासे. "वा रे मिस्त्री! हात आहे का जादू आहे तुहा?" मले सांगाचं होतं — खरंच सांगाचं होतं, तोंड उघडलंही होतं. "मागचे लाईट बंद आहेत, संभाळून जाय." किती वेळ लागते एवढं बोलाले? पण त्याचं हासणं, ती तारीफ — मले ती सोडवली नाही. मी माहे पैसे मोजून घेतले. तो गेला.

त्याच दिवशी कामठीच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली. दिवस बुडाचा होता, कोणीच अजून मोठे लाईट लावले नव्हते. सुखदेवनं ब्रेक मारला. मागून स्कूटरवर कामठीचा एक विणकर येऊन राहिला होता. समोरचा ट्रक थांबून राहिला, हे त्याले समजलंच नाही. तो मागच्या फळीवर आदळला अन् जागीच गेला.

पोलीस ठाण्याच्या आवारात ट्रक उभा केला होता. ट्रकच्या मालकानं लाईट तपासाले मलेच बोलावलं — दुसरं कोणाले बोलावणार? सुखदेव हवालदारापुढे हात जोडून उभा. "साहेब, लाईट पेटले होते. म्या माह्या डोळ्यानं पाहिले." त्यानं माळ पाहिली होती. तो खोटं नव्हता बोलत.

मी ट्रकखाली शिरलो. माहा टेप तिथंच होता.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस आहे. बराबर. पण इथून पुढे चूक नाही. मी टेप सोडला, खिशात घातला. वायरीचं टोक दगडावर घासलं — जुनं तुटल्यासारखं दिसेपर्यंत घासलं. बाहेर आलो, हात पुसले अन् हवालदाराले म्हणालो, "वायर सडून तुटली, साहेब. मागचे लाईट पाहूनच गाडी काढाची असते. ते ड्रायव्हरचं काम."

वायरीचं विचारलं होतं मले. ड्रायव्हरचं कोणी विचारलं होतं? ते मी काहून बोललो?

सुखदेव भांडला नाही. "हाव," म्हणाला, "माहीच चूक. म्या उतरून पाहाले पाहिजे होतं." मले रडू फुटलं. अन् तोच जवळ येऊन माह्या पाठीवर हात फिरवू लागला — "तू काहून रडून राहिला गा? तुह्यं काय त्यात?"

त्याले शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यानं पुन्हा स्टेरिंगले हात लावला नाही. मौद्याकडे लोकाईच्या वावरात मजुरी करे. अधूनमधून माह्या दुकानात येऊन बसे, अन् तेच विचारे — "मिस्त्री, उतरून पाहिलं असतं तर वाचला असता ना तो?" मी म्हणे, "सोड ना आता." आता तोही नाही. तोच प्रश्न घेऊन गेला. जवाब माह्यापाशी होता.

अजून एक सांगाचं राहिलं. एकदा तो म्हणाला, "कामठीले येशील? त्या विणकराच्या बायकोची माफी मांगाची आहे. एकट्याचा पाय नाही उचलत." मी गेलो.

बाई दारातच होती. सुखदेवनं नाव सांगतलं अन् तिचा चेहराच बदलला. "तुमाले घरात नाही घेत मी," ती त्याले म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. मंग माह्याकडे वळली. "तुम्ही कोण, भाऊ? याच्यासंगं आले? अशा माणसालेही साथ देता, म्हणजे मनाचे भले असाल. या, बसा." तिनं माह्यासाठी बाज टाकली. चहा आणला, एकच कप.

सुखदेव अंगणात उन्हात उभा होता. हात जोडलेले, मान खाली. मी बाजीवर बसलो. चहा पेलो. पुरा पेलो.