साहेब, इथं अर्थच नाही!

आधी चहा संपवा. नाही, खरंच सांगतो, कप खाली ठेवा. मागच्या बारी हा किस्सा सांगत होतो, तर एकाच्या नाकातून चहा आला अन् त्याच्या बायकोनं शिव्या मले घातल्या! माणूस आयुष्यात दोनचारदा येडा ठरतेच. पण मी एकाच दिवसात, एकाच खुर्चीवर बसून, तेही सरकारी साहेबासमोर... असो. पहिल्यापासून ऐका.

गावोगावी नवीन नवीन लाईट येऊन राह्यली होती, त्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता, आमी अकोला जिल्ह्यात. मी कारंज्यात वायरिंगची कामं करत होतो. हात साफ होता. पण परवाना नव्हता! अन् वायरमनचा सरकारी परवाना नसला, का तुमी सोन्याच्या तारा वढा, कागदावर सही दुसऱ्याचीच.

माझ्या कामावर सही कराले कामरगावचा एक परवानावाला यायचा. काम पाहायचाही नाही! दारात सायकल टेकवायची, सीटवर कागद ठेवायचा, सही ठोकायची अन् चालला. लोक त्याले म्हणत 'वायरमन साहेब', अन् मले म्हणत 'तो वायरवाला पोट्टा'. अरे, दोन लेकरांचा बाप होतो मी!

कारंज्याच्या मोतीसेठच्या कापसाच्या जिनमधलं सारं वायरिंग माझ्या हातचं. एक दिवस सेठनं मले गादीवर बोलावलं.

"वसंता, मानोऱ्याच्या रस्त्यावर तेलाची मिल टाकून राह्यलो. काम तुलेच द्यायचं मनात आहे. पण यंदा परवाना आण बाप्पा. नाही तर मले दुसरा माणूस पाहावा लागीन."

'यंदा' काहून म्हणे सेठ? कारण त्याआधी मी दोनदा नापास झालो होतो. दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर. अर्थिंग!

अर्थिंग म्हणजे काय, तर विजेचा झटका माणसाले न बसता जमिनीत जावा, म्हणून जमिनीत नेलेली तार. आमी धंद्यातले लोक तिले नुसतं 'अर्थ' म्हणतो. पहिल्या वर्षी साहेबानं इचारलं, अर्थिंग कसं करता? मी इमानदारीत सांगितलं, "साहेब, ते तर कोणीच करत नाही." नापास! दुसऱ्या वर्षी इचारलं, खड्डा किती खोल? मी म्हटलं, "गुडघ्याइतका." साहेबानं माझ्या गुडघ्याकडं पाह्यलं, अन् नापास.

तिसऱ्या वर्षी मी जिद्दीलेच पेटलो. म्हटलं, आता अर्थिंगमध्ये आपल्याले कोणी हरवून दाखवावं! कुदळ घेतली अन् घरच्या आंगणातच खड्डा खोदाले लागलो. बायको कमल दारात आली.

"अवो, काय करून राह्यले तुमी? विहीर खोदून राह्यले का?"

"अभ्यास करून राह्यलो."

"लोक पुस्तकात अभ्यास करतात!"

"पुस्तकातून दोनदा नापास झालो ना!"

तीन दिवस खोदलं. तिसऱ्या दिवशी गल्लीत बोभाटा झाला, का वसंताले आंगणात हंडा सापडला. लोक कुंपणावरून वाकून वाकून पाहू लागले. मी आपला खड्ड्यात उभा, अन् अर्थच्या खड्ड्यात काय भरायचं ते मोठमोठ्यानं पाठ म्हणून राह्यलो, "एक थर कोळसा, एक थर मीठ! एक थर कोळसा, एक थर मीठ!" शेजारची म्हातारी कमलले म्हणे, "बाई, कोणाले तरी दाखवून आण याले."

मग कमल रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची अन् मले प्रश्न इचारायची. ती सातवी पास, मी सहावी नापास. चुकलो का पोरांसमोर म्हणायची, "पुन्हा सांगा." पण अर्थ असा पक्का केला, का झोपेतून उठवलं असतं तरी खड्ड्याचं माप सांगितलं असतं.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या एसटीनं अमरावती गाठली. सरकारी ऑफिसच्या व्हरांड्यात आमी पंधरावीस जण. साहेब यंदा नवीन होते. पुण्याकडचे, गोरेपान, चष्मा, बोलणं एकदम पुस्तकातल्यासारखं. माझं नाव पुकारलं. गेलो, बसलो. साहेबानं माझा अर्ज हातात घेतला. त्यात 'अनुभव' लिहायच्या जागी, सारं वायरिंग माझं म्हणून, मी लिहिलं होतं, 'मोतीसेठचा जिन फुल्ल.' साहेबानं ते दोनदा वाचलं.

"मोतीसेठचा जिन फुल्ल. याचा अर्थ सांगा."

आला! माझ्या मनात म्हटलं, आला बाप्पा आपला प्रश्न! मी छाती काढली.

"साहेब, जिनचा अर्थ मागच्या बाजूले आहे. विहिरीजवळ."

"काय?"

"चांगला खोल आहे साहेब. डोक्याइतका! गुडघ्याइतका नाही."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो, मी अर्थ विचारतोय."

"तोच सांगून राह्यलो ना साहेब. एक थर कोळसा, एक थर मीठ. अन् उन्हाळ्यात त्यात पाणी टाकावं लागते. नाही तर अर्थ राहत नाही."

आता तुमीच सांगा, यात माझं काय चुकलं? माणूस वर्षभर ज्याची वाट पाहते, तो प्रश्न आल्यावर दुसरं काही ऐकू येते का?

साहेबाचा आवाज चढला. "तुमच्या बोलण्याला काही अर्थ आहे का?"

मी जरा इचारात पडलो. हे पुस्तकात नव्हतं. म्हटलं, फसवून राह्यले साहेब!

"बोलण्याले अर्थ कायले लागते साहेब? भोंग्याले लागते. लग्नातला भोंगा असला, त्याच्या मशीनले तर पाहिजेच."

दारातला शिपाई टोपीत तोंड घालून हसाले लागला. साहेबाचे कान लाल.

"पुरे! असलं अर्थहीन मी आजवर ऐकलं नाही!"

"खोटी गोष्ट आहे साहेब!" मीही तापलो. तिसरं वर्ष होतं माझं! "माझं एकही काम अर्थहीन नाही. कारंज्यात येऊन पाहा. कोणाचं असीन, माझं नाही!"

साहेबानं अर्ज टेबलावर आपटला. भिंतीकडं हात केला, अन् म्हणाले, "जा तुम्ही. इथं बोलण्यात काही अर्थ नाही!"

साहेबाचा हात भिंतीतल्या प्लगकडं होता. म्हणजे दाराकडं असावा, पण दार अन् प्लग एकाच बाजूले! मी म्हटलं, असं होय! ही प्रात्यक्षिक परीक्षा आहे! बिघाड सांगून राह्यले, अन् आपल्याले तपासून दाखवायचं आहे!

"नाही कसा साहेब? आत्ता पाहतो!"

थैलीतून टेस्ट लँप, म्हणजे दोन तारांचा तपासायचा दिवा, काढला. साहेब "अहो, अहो" करेपर्यंत मी प्लगपाशी. दोन तारा लावल्या, दिवा लागला. मग एक तार अर्थच्या पिनवर घेतली; अर्थ असला का दिवा लागलाच पाहिजे. दिवा लागेना! पुन्हा लावून पाह्यली. नाहीच!

मी वळलो अन् सारं ऑफिस ऐकीन असा ओरडलो, "बरोबर आहे साहेब! इथं अर्थच नाही!"

मग शिपाई हळूच म्हणे, "साहेब, म्हणूनच मले तुमच्या पंख्याले हात लावला का झिणझिण्या येते."

साहेब उठले. माझ्या हातातून टेस्ट लँप घेतला, स्वतः लावून पाह्यला. दिवा लागला नाही. खुर्चीवर बसले अन् एकदम असे हसाले लागले, का चष्मा खाली पडला. हसणं थांबल्यावर म्हणाले, "अहो वसंतराव, मी 'अर्थ' म्हणजे मतलब विचारत होतो. मतलब!"

जमीन फाटावी असं वाटते ना माणसाले, तसं झालं. आंगणातला खड्डा जवळ असता, तर तिथंच उतरलो असतो.

"आता सापडलाच आहे, तर दुरुस्त करा," साहेब म्हणाले. मी मेन बंद केला, प्लग उघडला. आतली तार पिनपासून सुटलेली. जोडली, कसली, तपासली. दिवा लख्ख! साहेबानं काहीतरी लिहिलं अन् म्हणाले, "बाहेर बसा." पास का नापास, काही नाही.

बाहेर आलो तर सारे मले घेरून. "काय इचारते साहेब? काय इचारते?" अन् इथं माझ्यातला शहाणा जागा झाला. मी म्हटलं, "काही नाही रे. छाती काढून म्हणायचं, साहेब, इथं अर्थच नाही. लई खुश होते!"

एक जण आत गेला. साहेबाचा आवाज आला, "बसा. नाव काय?"

"साहेब, इथं अर्थच नाही!"

साहेबानं त्याले हाकललं. दुसरा गेला, मानोऱ्याकडचा. "किती वर्षांचा अनुभव?"

"काही अर्थ नाही साहेब!"

तिसरा तर दारातूनच ओरडला. मग साहेब स्वतः व्हरांड्यात आले. "कुणी शिकवलं हे यांना?"

पंधरा बोटं माझ्याकडं वळली.

"अहो, तुम्हीच आत्ता जोडलात ना तो अर्थ?"

ज्या हातानं अर्थ जोडला, त्याच हाताचा मालक बाहेर येऊन 'अर्थ नाही' सांगून राह्यला होता! मले खरंच लक्षातच नव्हतं हो. मी खाली मान घालून उभा. डोळ्यांपुढं सेठची मिल, कामरगाववाल्याची सायकल, कमलच्या हातातलं पुस्तक. सारं गेलं, असं वाटलं.

साहेबानं त्या तिघांची परीक्षा पुन्हा घेतली, अन् संध्याकाळी पास झालेल्यांची नावं वाचली. एक झालं, दोन झाले, चार झाले. माझं नाव नाही. अगदी शेवटी म्हणाले, "वसंतराव, कारंजा."

मी पाया पडाले धावलो. साहेब दोन पावलं मागं सरकले अन् सगळ्यांसमोर म्हणाले,

"परवाना मिळेल. पण नीट लक्षात ठेवा, तो फक्त तारा जोडायचा आहे. तोंड उघडायचा नाही!"