रिसबूडांनी भरलेला फॉर्म

ॲन आर्बरच्या मराठी मंडळात कोणाचाही फॉर्म अडला की तो हेमचंद्र रिसबूडांकडे जायचा. ग्रीन कार्डाचा असो, आईवडिलांच्या व्हिसाचा असो, नाहीतर मुलांच्या शाळेचा असो; रिसबूड काळ्या शाईने, कॅपिटल अक्षरांत, एकही खाडाखोड न करता तो भरून द्यायचे. फॉर्मात एकही जागा रिकामी सोडायची नाही, हा त्यांचा बाणा. आपण भरलेला फॉर्म आजवर परत आलेला नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. माणूस सरळ, पण या एका बाबतीत स्वारी जरा हवेतच असायची.

नोकरी मोटारींचे सुटे भाग तपासणाऱ्या लॅबमध्ये. एखादी स्प्रिंग किती वेळा वाकवली की तुटते, हे मोजायचं त्यांचं काम. घरी बायको सुमित्रा आठवड्याला दीडशे पोळ्या लाटत होती, त्या मात्र त्यांनी कधी मोजल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दीडशे हा आकडा फुगवलेला नाही. घरच्या चौघांच्या होत्याच, शिवाय दर शुक्रवारी युनिव्हर्सिटीतली सात-आठ मुलं जेवायला असायची, आणि मंडळाचं काही निघालं की पोळ्या सुमित्राकाकूंच्या, हे न विचारताच ठरलेलं. तिथल्या दुकानातली कणीक जाडीभरडी, मळताना मनगट भरून यायचं. हिवाळ्यात हेमचंद्र कामासाठी परगावी गेले की ड्राइव्हवेवरचा बर्फही तीच फावड्याने उपसायची.

१९८३च्या हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. झोपेतून उठून ती हात झटकत बसायची. मनगटात नस दाबली जातेय, असं सांगून डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे फॉर्म होता, म्हणजे तो हेमचंद्रच भरणार. ‘ऑक्युपेशन’च्या पुढे त्यांनी ‘काही नाही’ लिहिलं. इमिग्रेशनच्या प्रत्येक कागदावर बायकोच्या नावापुढे ते गेली पंधरा वर्षं हेच लिहीत आले होते. हाताला वळणच पडलं होतं.

थेरपिस्ट बार्बरा तरुण होती आणि कामाला चोख. फॉर्म वाचून तिने पुन्हा विचारलं. टायपिंग करता का? कारखान्यात काम? एकच हालचाल दिवसभर पुन्हा पुन्हा करावी लागते, असं काही? प्रत्येक प्रश्नाला हेमचंद्रांनीच नाही म्हटलं. सुमित्राला इंग्रजी कळायचं, पण परक्यांसमोर बोलायला ती बिचकायची. ती नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, “अहो, पोळ्यांचं सांगा ना तिला.”

“पोळ्या म्हणजे काय काम आहे का?” हेमचंद्र म्हणाले. “घरोघरी लाटतात.”

ती काय म्हणाली, असं बार्बराने विचारलं. विशेष काही नाही, असं त्यांनी सांगितलं.

बार्बराने मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, बोटांचे व्यायाम शिकवले. हाताला विश्रांती आहेच, तेव्हा लवकर आराम पडेल म्हणाली. सुमित्रा रात्री पट्टा बांधायची आणि सकाळी तो सोडून कणीक मळायला घ्यायची.

एप्रिलमध्ये हेमचंद्रांनी चौकशी केली, तर मुंग्या आता येत नाहीत म्हणाली. ते खूश झाले आणि राहिलेल्या अपॉइंटमेंट त्यांनी फोन करून कॅन्सल केल्या. मुंग्या येत नव्हत्या, कारण बोटं बधिर होत चालली होती. हे तिला सांगता आलं नसतं असं नाही. पण पोळ्यांचं एकदा सांगून पाहिलं होतं, त्यानंतर तिने सांगायचंच सोडलं.

१९८५च्या दिवाळीत मंडळासाठी पोळ्या चालल्या होत्या. हेमचंद्र चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात आले. सुमित्रा त्यांच्याशी बोलत होती आणि तिचं बोट तापलेल्या तव्याला टेकलेलं होतं. वास त्यांना आला, तिला पत्ताच नव्हता. त्यांनी हात ओढून नळाखाली धरला, तेव्हा त्यांना दिसलं की अंगठ्याखालचा मांसल उंचवटा पार बसलाय, तिथे खळगा पडलाय. रोज त्याच हाताने वाढलेलं जेवत होते, पण हाताकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. नस मोकळी केली, पण फार दिवस दाबली गेली होती, गेलेली ताकद परत येणं कठीण, असं सर्जन म्हणाले. सुमित्राला आता चिमूटभर मीठही धरता येईना. हेमचंद्रांनी मनातल्या मनात हिशोब केला. दोन वर्षांच्या पोळ्या पंधरा हजारांच्या वर जात होत्या. लॅबमध्ये कोणी न मोजता एखादी स्प्रिंग एवढी वाकवली असती, तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं. आपल्याला कोणी जाब विचारणारं नाही, याचीच त्यांना लाज वाटली.

जानेवारीत पुन्हा बार्बराकडे जायचं ठरलं. पुन्हा नवा फॉर्म. ‘ऑक्युपेशन’पाशी पेन थांबलं. या खेपेला सगळं लिहायचं, असं ते घरूनच ठरवून आले होते. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कळत होतं, तरी लिहायचं होतं.

“सांग,” ते म्हणाले. “तू काय काय करतेस, सगळं लिहितो.”

सुमित्राने मांडीवर उजवा हात डाव्या हातात धरला होता.

“आता ‘काही नाही’ असंच लिहा,” ती म्हणाली. “आता ते खरं आहे.”

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर हेमचंद्रांना सोसायला सोपा गेला असता. त्यांनी खालच्या सगळ्या जागा काळ्या शाईने नीट भरल्या आणि फॉर्म खिडकीत नेऊन दिला. तिथल्या बाईने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि हसून तो परत त्यांच्याकडे सरकवला. एक जागा राहिलीय, म्हणाली.