लीवेनच्या मनोऱ्यावर माझा एक हात

लीवेन योझियासे मोठा चित्रकार झाला, त्यात माझाही हात आहे. वीतभरच आहे, पण आहे.

आम्ही शाळेत एकाच बाकावर. मास्तरांनी गाय काढायला सांगितली की मी तिचे पाय मोजून चार काढायचो. हा ती जांभळी रंगवून छड्या खायचा. पुढे मी गावातली दारं-खिडक्या रंगवायला लागलो. हा आम्स्टरडॅमला शिकून परत आला आणि आमच्या चर्चच्या मनोऱ्याचं चित्र लाल-निळ्या ठिपक्यांनी भरत बसला.

"लीवेन, मनोऱ्याला गोवर आलाय का रे?"

"तू आपल्या झडपा रंगव, क्राइन."

त्या उन्हाळ्यात समुद्राकाठच्या लाकडी मंडपात नव्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं. चित्र तिथं लागलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पवनचक्कीत पोती उचलायची, असं बापानं लीवेनला बजावलं होतं. त्याची खोली गळायची, म्हणून चित्र माझ्या छपरीत होतं.

शनिवारी सकाळी ते न्यायला गाडी येणार. त्याआधी मी चित्र जवळून पाहिलं आणि जीव कळवळला. ठिपक्यांमधून कोरं कापड दिसत होतं! आमच्या बेटावर रंगात नखाएवढी फट राहिली तरी खारा वारा आत शिरतो नि लाकूड कुजवतो. म्हटलं, घाईत राहिलं असेल बिचाऱ्याचं. झडपांचा हिरवा उरलाच होता. मोठा ब्रश घेतला आणि वरपासून खालपर्यंत एक हात मारून दिला. काम सफाईदार झालं होतं, हे आजही सांगतो.

लीवेन आला. "हे काय?"

"दुसरा हात. मित्राला फुकट."

तो पालथ्या बादलीवर मटकन बसला. "आता पोती," एवढंच म्हणाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचे ठिपके वाळलेले, माझा हिरवा ओला. टर्पेंटाइनच्या चिंध्या काड्यांना गुंडाळून आम्ही दोघं एकेक ठिपका नि एकेक फट पुसत बसलो. फट बुजवणारा मी, त्या दिवशी फटी उकरत होतो! बाहेर गाडीवाला कोबुस बोंबलत होता, "अरे, घोडा म्हातारा झाला माझा!" शेवटी एक कोपरा तसाच राहिला.

चित्र लागलं. चर्चचा काळा कोट घालून मीही बघायला गेलो. एक बाई चष्मा लावून बराच वेळ समोर उभ्या होत्या.

"ठिपके कसे जिवंत आहेत! पण हा हिरवा कोपरा? अगदी खिडकीची झडप."

लीवेननं सगळ्यांदेखत मला पुढं ढकललं. "तो यांचा, बाई. यांच्या कामात फट शोधून दाखवा."

मी टोपी काढून वाकलो. काय करणार, काम माझंच होतं.