बेळगुंदीचा ओला चिरा

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी बेळगावात सरकारी प्रयोगशाळेत होतो. प्रयोगशाळा कसली, पत्र्याची एक खोली! दोन बादल्या, एक हातोडा आणि चाक फिरवून दगड चिरडायचं यंत्र. चाकवाला मी. पण अंगात नाटक इतकं, की चाकाला हात घालण्याआधी बाह्या सरसावून प्रेक्षकांकडे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे.

त्या दिवशी प्रेक्षक एकच होते, निपाणीकडचे एक तंबाखूचे व्यापारी. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आपल्या गावात ते मुलींची शाळा बांधत होते. बेळगुंदीच्या खाणीत जांभ्याचे चिरे काढून ठेवलेले. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी दगड पास केला तर भिंती चढणार, नाहीतर शाळा अडणार.

आप्पांनी नमुन्याला आणलेल्या चिऱ्यांपैकी एकावर मी ऐटीत हातोडा मारला. ठण्ण व्हायचं, तर झालं भद्द! यंत्रात घातला, तर चाक जेमतेम फिरलं आणि चिऱ्याचा चुरमा झाला.

आप्पा मटकन बाकावर बसले. "म्हंजे पोरी गोठ्यातच शिकायच्या व्हय?"

चुरा झाडताना माझी बोटं ओली झाली. "आप्पा, हा भिजला कुठं?"

"भिजला न्हाय, भिजवला! ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. वाटंत हीर दिसली की पाणी शिंपडलं. तंबाखूचं पान सुकं हाताळलं तर चुरा हुतंय न्हवं? मग दगूड सुका कसा आणायचा?"

कोपऱ्यात उभे असलेले, कधी न हसणारे साहेब खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊच असतो, ऊन-वारा खाऊन टणक होतो. आप्पांनी त्याला ऊन लागूच दिलं नव्हतं. उरलेले चिरे आम्ही पंधरवडाभर उन्हात मांडले. मग साहेबांनी ते बादलीत बुडवायला सांगितले, तेव्हा आप्पा ओरडलेच, "अवो, आता तुम्हीच भिजवताय की!"

"भिंतीला पाऊस लागणारच, आप्पा."

दुसऱ्या दिवशी बादलीतला चिरा यंत्रात घालून मी चाक धरलं. फिरवलं, ओढलं, शेवटी त्याला लोंबकळलो. सदऱ्याचं बटण उडालं, चिरा ढिम्म!

"पुरे," साहेब म्हणाले, "यंत्र मोडशील."

"म्हंजे पास का नापास?"

"पास!" मी दोन्ही हात पसरून जाहीर केलं.

आप्पांनी मला असं कवटाळलं, की यंत्र परवडलं. मग पागोटं सावरत ते बाहेर धावले आणि गाडीवानाला हाक दिली, "जुंप रं बैलं! बेळगुंदीला चल, चिरं भरायला लावू!"