कासमभाई आणि बॉयलरचं पाणी

कासमभाईंना नमस्कार-चमत्कार ठाऊक नव्हते. मागच्या दारावर थाप पडायची, मी दार उघडायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "सुई कितीवर हाय, वैनी?" घरात मूल आजारी असो, पाहुणे बसलेले असोत, आधी सुई. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, माणसं कशी आहेत ते तरी विचारा!" तर म्हणाले, "सुई बरी असली म्हंजे माणसं बरीच असतात." अशा माणसाशी काय भांडणार!

हे सगळं तैफचं, सौदीतल्या डोंगरावरच्या गावाचं. "सौदीत कसली गं थंडी?" म्हणून माझ्या कोल्हापूरच्या बहिणी हसायच्या. त्यांना काय जातंय हसायला! हिवाळ्यात पहाटे पांघरुणातून पाय बाहेर काढवत नसे. तेलाच्या पैशानं त्या वर्षांत तिथं रोज नवीन काहीतरी उभं राहत होतं, आणि माझे यजमान अशाच एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस होते. कंपनीची घरं युरोपातल्या लोकांनी त्यांच्या पद्धतीनं बांधलेली. प्रत्येक स्वयंपाकघरामागे एक बॉयलर, आणि तिथून खोल्याखोल्यांत गरम पाण्याच्या नळ्या. या सगळ्या बॉयलरांचे मायबाप म्हणजे कासमभाई.

ते हर्णैजवळचे. उमेदीची वर्षं बोटींच्या इंजिनखान्यात गेलेली. पन्नाशीचे, ठेंगणे, गळ्यात कायम मफलर. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. गावी एकटी म्हातारी आई, अम्मा. बॉयलर हे दुसरं कुटुंब.

उन्हाळाभर बंद असलेला बॉयलर नोव्हेंबरात पेटवला की नळ्यांत अडकलेली हवा निघू लागते, आतला दाब उतरतो आणि दाब दाखवणाऱ्या तबकडीवरची सुई खाली येते. मग थोडं पाणी भरून ती वर आणायची. पहिले दोन-तीन आठवडे हे चालूच, आणि पुढेही हिवाळाभर अधूनमधून. "पोटात वारा धरलेल्या पोरासारका हाय ह्यो," कासमभाई मला समजावत. "ढेकर काडायची नि वरून थोडा थोडा पाजायचा. एकदम पाजलान तर वकणार." पाणी भरताना ते खरोखरच बॉयलरवर हात ठेवून बसत आणि सुई चढेपर्यंत कुणाशी बोलत नसत.

तैफहून डोंगर उतरला की मक्का. कंपनीतले मुसलमान कामगार सुट्टीच्या दिवशी सहज जाऊन येत. कासमभाई मात्र इतकी वर्षं राहूनही एकदासुद्धा गेले नव्हते. मला आधी वाटलं, माणूस धार्मिक नसेल. पण पाच वेळा नमाज चुकायची नाही! शेवटी विचारलंच.

"अम्माला घेऊन जायचा हाय," ते म्हणाले. "तिच्या आदी मी काबा बगितला, तर तिला तोंड काय दाकवू? हज करू ती दोगांनी."

"मग बोलवा की त्यांना. मुंबईहून बोट येते ना हाजींची?"

"येते. पन हज येते ऐन बायलरच्या हंगामात." त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. "हज दरसाल धा-अकरा दिस अलीकडं सरकते. थंडी आपली जागची हालत नाय. अजून चार-पाच साल गेली, की हज बायलरच्या आदी येईल. मंग बोलावतो अम्माला."

"अहो, महिनाभर आम्ही भरू पाणी. शिकवा आम्हाला."

ते असे हसले, की मी जणू बोट चालवायला मागितली होती. "चुलीवरचा भात नव्हं ह्यो, वैनी!"

दर हिवाळ्यात हेच बोलणं व्हायचं. आणि मग एका वर्षी गावाकडून आलेल्या एका माणसाबरोबर अम्मांचा निरोप आला. "तुज्या बायलरला सांग, म्हातारी आता थांबायची नाय." कासमभाईंनी तो मला अगदी तिच्या ठसक्यात सांगितला आणि पहिल्यांदाच सुईचं विचारायला विसरले.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरकडे रजा मागायला गेले. किती घाबरले होते बिचारे! मॅनेजरनं मान वरही न करता सही केली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागतोयस," एवढंच म्हणाला.

मग आमची शाळा भरली. कंपनीच्या घरांतल्या आम्ही सगळ्या बायका माझ्या स्वयंपाकघरामागे गोळा झालो. "बायलर थंड असताना बगायचा. सुई एकच्या खाली गेली, तर ह्ये दोन नळ उगडायचे. दीडच्या आत थांबायचा. आणि नळ दोनी बंद करायचे, नायतर घरात समिंदर होईल!" प्रत्येकीकडून त्यांनी करून घेतलं. जाताना जिवावर आल्यासारखे दारात घुटमळले. मी म्हटलं, "निघा आता, अम्मा बोटीत बसल्या असतील."

ते परतले तेव्हा हज झाल्यावर करतात तसं डोकं तुळतुळीत केलेलं. मी दारातूनच ओरडले, "या हाजीसाहेब! अम्मा कशा आहेत? दमल्या असतील ना फार?"

कासमभाई ओट्याला टेकले. बोट जेद्दाच्या धक्क्याला लागली, गावची सगळी माणसं उतरली. सगळ्यात शेवटी अम्मांना घेऊन येणारा चुलतभाऊ उतरला, एकटा. अम्मा मुंबईला हाजींच्या मुसाफिरखान्यातच वारल्या होत्या, बोट सुटायच्या आदल्या दिवशी. तिथंच दफन केलं.

"हज केली मी," ते म्हणाले. "चुलतभाव म्हनला, आदी स्वतःची झाल्याबिगर अम्माच्या नावानं करता येत नाय. म्हनून केली. तिची पुडच्या साली करीन."

मला रडू आवरेना. ते मात्र कोरडेच. बॉयलरपाशी गेले, वाकून पाहिलं. सुई सव्वावर होती.

"पानी भरलंत?"

"हो. दोन-तीनदा भरलं."

"बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी. काही बिघडलं नाही, कासमभाई. एकही घर गार पडलं नाही." त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगत होते.

"किती येळ लागतो तुमाला?"

"कितीसा लागणार? चहाला आधण येईपर्यंत होतं."

ते बराच वेळ दोन्ही नळ चाचपत राहिले. नळ घट्ट बंदच होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग मी येवडी वर्षं कोनासाटी थांबलो ओ, वैनी?"